तुम्ही न धरलेला मंगळवार

वहिनी,

सहा वर्षांपूर्वी तुम्ही माझ्यासाठी एक खोटं बोलला होतात. परवा रविवारी मी ते मोडलं. तुम्हाला विचारून मोडलं असतं, पण तुम्ही आता नाहीत. असतात तर काय म्हणाला असतात तेही मला माहीत आहे. "वन्सं, गप ऱ्हावा." म्हणून विचारायच्या ऐवजी लिहिते आहे.

तुम्ही जाऊन आज अठरा दिवस झाले. दुपारी वरण-भाकरी जेवलात, "जरा पाठ टेकते" म्हणालात, आणि चहाला हाक मारली तर उठला नाहीत. डॉक्टर आले तेव्हा त्यांना मी पहिली गोष्ट विचारली ती साखरेची. सकाळी मोजलेला आकडा वहीत होता, न्याहारीची वेळ होती, गोळीची खूण होती, जेवण तर माझ्या समोरच झालं होतं. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "साखरेचं काही नाही हो. वय झालं होतं, हृदय थांबलं." बाई रडायचं सोडून वही काय दाखवतेय, असं त्यांना वाटलं असेल. मला मात्र तेवढं ऐकल्याशिवाय रडता येणार नव्हतं. ते ऐकलं आणि मग रडले.

तुमचं वय, माहेर, किती मुलं, किती नातवंडं हे सगळं तुमच्या प्रशांतनं पेपरात दिलं आहे. फोटोही चांगला निवडलाय, देवगाव रंगारीच्या लग्नातला, ज्यात तुम्ही हसू दाबताय. ते इथं पुन्हा लिहीत नाही.

मला आठवतं ते माझे भाऊ, अण्णा, गेल्यानंतरचं. सिडकोतल्या या घरात आपण दोघीच उरलो, आणि लोकांना वाटलं की आता यांचं कसं जमायचं. तुम्ही चौथी शिकलेल्या, शेतातून आलेल्या, दिवसभर बोलणाऱ्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं "शांतता राखा" या पाटीखाली बसलेली, लग्न न केलेली नणंद. प्रशांतलाही तीच काळजी होती. वाळूजला त्याची कंपनी, तिथंच त्याचं बिऱ्हाड. दर रविवारी यायचा आणि दर रविवारी म्हणायचा, "आई, तू चल माझ्याकडं. आत्याला कुठं जमतंय तुझं करायला." तुम्ही म्हणायचात, "आत्याला माझं नाय करावं लागत, मीच आत्याचं करते." तेही खरंच होतं. स्वयंपाक तुमचा, भांडण तुमचं, समेटही तुमचाच. माझ्याकडे एकच खातं होतं, तुमच्या गोळ्यांचं.

ते मला का दिलंत? "मला ती इंग्रजी मुंग्यांवानी अक्षरं दिसत नाय. तुम्ही एवढी पुस्तकं लावली, चार गोळ्या लावता येत नाय?" मला बरं वाटलं होतं. निवृत्तीनंतर कुणीतरी मला काहीतरी लावायला दिलं होतं. औरंगपुऱ्यातून मी खणांचा डबा आणला, सात वार, सकाळ आणि संध्याकाळ. प्रत्येक खणावर बारीक चिठ्ठी डकवली. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "आता ह्याच्यावर नंबर बी टाकणार का काय?"

तेव्हा तुम्हाला दोन गोळ्या होत्या. एक मोठी पांढरी, दोन्ही वेळा जेवणानंतर. एक छोटी गुलाबी, सकाळच्या न्याहारीबरोबर. पुढं तीन महिन्यांची साखर वाढलेली निघाली आणि गारखेड्याच्या डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी लिहून दिली. अर्धी पांढरी, अर्धी निळसर, दोन थर एकावर एक चिकटवल्यासारखी. तुम्ही तिला लगेच 'दुरंगी' म्हणायला लागलात. कागदावर तेवढी एकच गोळी लिहिलेली होती.

इथं माझं चुकलं. तीस वर्षांची सवय अंगात इतकी मुरलेली होती की चुकतंय हे कळलंसुद्धा नाही. ग्रंथालयात नव्या पुस्तकांची यादी यायची. यादीत जुनं पुस्तक नाही म्हणून ते कपाटातून कुणी काढत नाही. यादी फक्त नव्याची असते. आणि एखाद्या लेखकाच्या सगळ्या कथा एका जाड ग्रंथात एकत्र निघाल्या, तरी आधीचे सुटे संग्रह तिथंच शेजारी उभे राहतात. मी ती दुरंगी तशीच दाखल करून घेतली. पांढरी आहे, गुलाबी आहे, आता दुरंगी आली. डबा आणखी नीटनेटका दिसायला लागला. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात छापलेलं नाव मी वाचलं, ते नवीन होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात आतल्या औषधांची दोन नावं होती, ती वाचली नाहीत. जन्मभर पोरांना सांगत आले की मुखपृष्ठ पाहून पुस्तक परत ठेवू नका, आतलं पान उघडा. आणि स्वतः मुखपृष्ठावर गेले.

दुरंगीच्या पोटात जुन्या दोन्ही होत्याच. त्यातही गुलाबीचं औषध दुप्पट. मी त्यावर पुन्हा पांढरी आणि पुन्हा गुलाबी देत होते.

चौथा दिवस मंगळवार होता. तुम्ही सकाळी अर्धी भाकरी खाल्लीत, अर्धी नको म्हणालात आणि ज्वारी निवडायला गच्चीवर गेलात. अकराच्या सुमाराला मी वर आले तर तुम्ही माझ्यावर तुटून पडलात. ज्वारीत खडे मीच टाकलेत म्हणे. मग म्हणालात, "तुमच्या पुस्तकांना वाळवी लागो." इतक्या वर्षांत तुम्ही मला कितीतरी टोमणे मारलेत, पण शाप कधी दिला नव्हतात. मला इतकं लागलं की मी खाली आले आणि खोलीचं दार लावून बसले. दहा मिनिटं बसले, वहिनी. ती दहा मिनिटं अजून माझ्या पोटात आहेत. साखर उतरली की माणूस उगीच चिडतं, बरळतं, ओळखीच्या माणसाला परक्यासारखं बोलतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त रुसले होते.

मग सूप पडल्याचा आवाज आला.

तुम्ही ज्वारीच्या ढिगावर आडव्या. अंग घामानं गार. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. शेजारच्यांच्या मदतीनं तुम्हाला खाली आणलं. रिक्षावाल्यानं तुमच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आपा, फिकर नक्को करो, दो मिनट में पहुँचाता." आणि खरंच त्यानं गल्लीबोळातून रिक्षा काढली. दवाखान्यात बोटाला सुई टोचली तर आकडा एकेचाळीस. शिरेतून साखर गेली आणि पाच मिनिटांत तुम्ही छताकडं बघत विचारलंत, "ज्वारी झाकली का?"

मी हसले आणि त्याच दमात रडले. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं नाही, तुमच्या खाटेजवळच उभं राहून मी सोबत आणलेल्या सगळ्या स्ट्रिपा उलटून वाचल्या. "या तिन्ही चालू आहेत? कुणी सांगितलं? अहो, नव्यात जुन्या दोन्ही आहेत. जुन्या बंद करायच्या होत्या." ते पुढं म्हणाले, "आता आकडा वर आला तरी यांना उद्यापर्यंत इथंच ठेवतो. या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही, साखर पुन्हा खाली येऊ शकते." तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मला वाटलं, झोपल्यात.

तासाभरानं प्रशांत कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. ते डॉक्टर तोवर दुसरीकडं गेले होते. दारातूनच त्यानं विचारलं, "काय झालं? आत्या, काय दिलं होतंस तिला?"

मी तोंड उघडलं, आणि तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "तिला काहून इचारतो? मी मंगळवार धरला व्हता."

"कसला मंगळवार?"

"देवीचे पाच बोलले व्हते. पोटात काय नव्हतं. गोळी तेवढी घेतली."

तुम्ही कसलेही मंगळवार बोलला नव्हतात. सकाळची अर्धी भाकरी मी तुमच्या ताटात पाहिली होती. पण मी बोलले नाही. प्रशांत तिथंच खाटेवर बसला आणि तुमच्यावर ओरडला. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही बघायला लागले. या वयात उपास, साखरेच्या गोळ्या घेऊन उपास, अक्कल आहे का. तुम्ही ऐकून घेतलंत. शेवटी तो म्हणाला, "आजपासून एक बी उपास नाय. चतुर्थी बी नाय. माझी शपथ हाये."

संकष्टी तुम्ही लग्नाआधीपासून करत होतात. तुम्ही म्हणालात, "बरं."

घरी आल्यावर मी विचारलं, असं का केलंत? तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणालात, "खरं सांगितलं असतं तर त्यानं मला उचलून वाळूजला नेलं असतं. तिथं मी काय करू? भोंगा वाजला की उठा, भोंगा वाजला की जेवा. अन् इथं तुम्हाला चहा कोण देईल? तुम्ही पुस्तकं खाता, त्यावर पाणी पण पीत नाय."

मग उठलात, तो खणांचा डबा आणलात आणि माझ्या मांडीवर ठेवलात. "घ्या. उद्याच्या भरा."

मी म्हणाले, "मी नाही. प्रशांतच्या बायकोला सांगू, किंवा मेडिकलवाल्याला."

"त्यांची चूक व्हायची हाये अजून, तुमची होऊन गेली," तुम्ही म्हणालात. "आता तुमच्याइतकं जपून कोण भरंल?"

त्या दिवशी मी 'चुकले' म्हणायला हवं होतं. नुसतं 'चुकले', एवढा एक शब्द. मी खाली मान घालून खण भरत राहिले आणि तुम्ही सुपारी कातरत राहिलात. नंतरच्या सहा वर्षांत तो शब्द कितीदा ओठांवर आला असेल. प्रत्येक वेळी तुम्ही दुसरंच काहीतरी बोलायला लागायचात, की मला उगीच तसं वाटायचं, आता सांगता येत नाही.

पण ती सहा वर्षं मात्र चांगली गेली, वहिनी. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण दुःखात माणूस चुकाच तेवढ्या मोजत बसतं. आपण दोघी त्या गोळीजवळ पुन्हा पहिलीच्या वर्गात बसल्यासारख्या बसलो. डॉक्टरीणबाईंकडे मी पहिल्यांदा खरं खरं बोलले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे फार जणांचं होतं. दर वेळी घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून आणत जा, चालू असोत की बंद." तुम्ही त्या पिशवीला झालर लावलीत. साखरेच्या गोळ्यांच्या पिशवीला झालर! बाईंनी ती टेबलावर ठेवून परिचारिकेला बोलावून दाखवली.

दुरंगी एकटीच राहिली. ताट समोर आल्याशिवाय ती हातात घ्यायची नाही, हा नियम तुम्ही केलात. एकदा ती घशात अडकते म्हणून तुम्ही अडकित्त्यानं तिचे दोन तुकडे केलेत आणि मी किंचाळले. बाईंनी सांगितलं होतं, ही हळूहळू विरघळायला बनवलेली असते, तोडली की सगळं औषध एकदम अंगात जातं. तुम्ही तो तुकडा हातात धरून म्हणालात, "म्हंजे सुपारीपेक्षा बी नाजूक." नंतर बरेच दिवस अडकित्ता मी लपवून ठेवला होता. तुम्ही तो पिठाच्या डब्यामागं शोधून काढलात आणि तिथंच परत ठेवलात.

पदराच्या गाठीला बत्तासे आले. हातपाय थरथरले, घाम फुटला की आधी चार बत्तासे, मग पंधरा मिनिटांनी बोटाला सुई टोचून आकडा, मग काहीतरी पोटभर. तशी वेळ नंतर दोनदाच आली आणि दोन्ही वेळा तुम्ही स्वतःच ओळखलीत. एकदा तर भांडता भांडता मध्येच थांबलात. "थांबा वन्सं. हे माझं भांडण नाय, साखरेचं हाये." बत्तासे खाल्लेत, पंधरा मिनिटं घड्याळाकडं बघत बसलात, मग म्हणालात, "आता माझं." आणि होतं तिथून पुढं भांडलात.

एका उन्हाळ्यात तुम्हाला उलट्या-जुलाब झाले तेव्हा गोळी द्यायची की नाही हे मी मनानं ठरवलं नाही, फोन केला. बाईंनी दोन दिवस थांबवायला सांगितली आणि पाणी पाजायला. वर्षातून एकदा मूत्रपिंडाची तपासणी. तुम्ही म्हणायचात, "रक्त काढून काढून माझं रक्त पाठ झालं असंल त्यांना."

आणि गुलमंडीतला तो मेडिकलवाला आठवतो? आपली गोळी संपली होती, त्यानं दुसऱ्या नावाची पुढं केली. मी पर्समध्ये चष्मा शोधत होते, तोवर तुम्ही ती उजेडाकडं धरलीत. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण आतल्या औषधांचे ते दोन शब्द तुम्ही रूपानं ओळखायला शिकला होतात, गावात कुणाची बैलजोडी आहे ते लांबून ओळखावं तसे. "नाव वेगळं हाये. आतलं वाचून दाखवा. पहिलं ते दोन कमानीवालं, दुसरं गोल शेपटीचं. अन् मागचा आकडा बी सांगा."

तो हसला. "आजी, डॉक्टर झाल्या काय?"

"डॉक्टर नाय बाबा. एकदा पडले हाये."

त्या दिवशी पैठण गेटपर्यंत आपण चालत आलो आणि मला तुमचा इतका अभिमान वाटत होता की मी तुमची पिशवी हातात घेतली. तुम्ही म्हणालात, "काय झालं आज, हातात पुस्तक नाय वाटतं?"

एक गोष्ट मात्र त्या सगळ्या बरेपणात खुपत राहिली. संकष्टीच्या दिवशी सकाळी तुम्ही भाकरी घेऊन बसायचात तेव्हा देव्हाऱ्याकडं पाठ करायचात. पूर्वी मी तुमच्या उपासांवर किती बोलायचे! साबुदाणा म्हणजे निव्वळ साखर, हा कसला उपास, असं व्याख्यान द्यायचे. तुम्ही म्हणायचात, "तुम्ही एक दिवस न वाचता राहून दाखवा, मग बोला." तो वाद मीच जिंकला असं वरवर दिसत होतं, आणि तुमची ती पाठ बघून मी माझं ताट घेऊन आत जायचे. एकदा मी डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, आधी सांगून, त्या दिवसापुरती गोळी बदलून, मधे थोडं खाऊन आणि मोजत राहून काहीतरी बसवता येईल. रिक्षात मी आनंदानं म्हणाले, बघा, होतंय! तुम्ही मान हलवलीत.

"नको. प्रशांत इचारंल, आता कसं चालतं? मग एकातून एक निघंल."

"निघू दे की."

"तुम्हाला वाळूजच्या बसचा नंबर माहीत हाये का? मग. तुम्ही मला भेटायला कशा येणार?"

म्हणजे तुम्ही माझ्या चुकीची भरपाई सहा वर्षं दर महिन्याला करत होतात, आणि मी तुम्हाला ती करू देत होते. मला तुम्ही इथं हव्या होतात. एवढंच माझं कारण होतं. तुमचंही तेच होतं असं मी समजते.

आता परवाचं सांगते.

प्रशांत रविवारी सकाळी आला. पहिल्यांदाच तुमच्याविना या घरात पोहे केले, मीठ कमी पडलं. तो बशी पुढं ओढून बसला आणि शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. त्याला साखर निघून दीड वर्ष झालं हे तुम्हाला माहीतच आहे. रोज फोनवर तुम्ही त्याला एकच सांगायचात, उपाशी राहू नको. त्यापलीकडं तुम्ही काही सांगू शकत नव्हतात. सांगायचं तर मंगळवारही सांगावा लागला असता.

पुडीत दोन गोळ्या होत्या. एक दुरंगी, एक पिवळसर.

"या दोन कुठल्या?" मी विचारलं.

"ही पिवळी जुनी, ती दुसरी नवी. साखर खाली येईना म्हणून डॉक्टरनी आठ दिवसांपूर्वी नवी दिली."

"जुनी चालू ठेव म्हणाले?"

"बंद कर असं बी नाय म्हणाले. दोन स्ट्रिपा शिल्लक हायेत, फेकू का?"

"स्ट्रिपा दाखव."

"आत्या, लायब्ररी सुटली तरी तुझी तपासणी चालूच." पण त्यानं पिशवीतून काढून दाखवल्या. मी चष्मा लावला. वरची नावं वेगळी. खालची बारीक दोन नावं दोन्हींवर तीच. नव्या गोळीत फक्त आकडा मोठा.

"प्रशांत, हात थरथरतात का रे तुझे?"

"गुरुवारी मशीनवर एकदम घाम सुटला. डोळ्यापुढं अंधारी आली. सुपरवायझरनी बसवलं. आई गेल्यापासून झोप नाय, दगदग झाली."

"काय खाल्लं होतंस?"

"फर्स्ट शिफ्टला सकाळी सकाळी कोण खातं? दहाच्या ब्रेकला खातो."

"आणि गोळ्या?"

"घरून निघताना. पावणेसहाला."

पावणेसहाला दुप्पट औषध आणि दहापर्यंत पोट रिकामं. मधे मोटारसायकल आणि मशीन. मी त्याच्या बशीजवळच्या दोन्ही गोळ्यांवर हात ठेवला.

"साखर उतरली होती तुझी. तुझ्या आईची उतरली होती तशीच."

तो हसला, वहिनी. "तिनं उपास धरला व्हता. मी कुठं मंगळवार धरतो?"

तुमचं खोटं मला इतकी वर्षं पांघरूण वाटत होतं. त्या क्षणी दिसलं की प्रशांतच्या डोक्यात त्या खोट्याचाच धडा झाला आहे. उपास न धरणाऱ्याला भीती नाही. बाकी हवं तसं घ्या. मी दुसरं कितीही सांगितलं असतं, तरी तो ऐकणार नव्हता, कारण त्याच्याजवळ त्याच्या आईचा दाखला होता.

मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. यादी, तिन्ही गोळ्या, चार दिवस, गच्ची, दार लावून बसले ती दहा मिनिटं. अर्धी भाकरी. म्हणाले, "तिनं कसलाही मंगळवार धरला नव्हता. मी दिल्या होत्या जास्त. मी चुकले. आज तू स्वतःला देतोयस तशाच."

त्यानं बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "तू दिल्या?"

"हो."

"अन् मी तिला दवाखान्यात चार माणसांत बोललो."

"हो."

"तिची चतुर्थी सोडवली."

मी देव्हाऱ्याकडं पाहिलं.

"काहून नाय सांगितलं, आत्या? सहा वर्षं?"

"तू तिला वाळूजला नेलं असतंस."

"नेलं असतं," तो म्हणाला. "नेलंच असतं." मग उठला, खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठमोरा तो अगदी अण्णांसारखा दिसतो, तुम्ही म्हणायचात ते खरं आहे. तिथूनच त्यानं वाळूजच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. जुनी आजपासून बंद, नवी एकच, न्याहारीचा घास घेतल्याशिवाय नाही, उद्या येऊन साखर दाखवा, आणि येताना घरातली एकूण एक स्ट्रिप घेऊन या. प्रशांत "हो साहेब, हो साहेब" करत राहिला. फोन ठेवून त्यानं गार झालेले पोहे खाल्ले, सगळे, मिठाबद्दल एक शब्द न काढता. त्यातच दुरंगी घेतली. पिवळी माझ्या हाताखालीच राहिली.

जाताना "येतो" म्हणाला नाही.

दिवसभर मी तुमच्याशी भांडले. तुम्ही जिवंत असतात तर हे मी बोलले असते का, हा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर मला आवडलं नाही. मग वाटलं, तुम्ही त्या खाटेवर डोळे मिटून जे केलंत त्यात तुम्हाला फक्त दोघींना एका घरात ठेवायचं होतं. ते झालं. सहा वर्षं झालं. आता त्या खोट्याचं काम संपलं होतं आणि तुमच्या लेकाला ते महागात पडत होतं. तुम्हीच ते मोडलं असतंत, माझ्याआधी, माझी भीड न ठेवता. तेवढं तुम्हाला मी ओळखते. आणि तो राहून गेलेला शब्द तुमच्याऐवजी तुमच्या मुलासमोर उच्चारला गेला. उशिरा का होईना, पत्ता फारसा चुकलेला नाही.

चुकले, वहिनी. आणि तुम्ही डबा परत माझ्याच मांडीवर ठेवलात, त्याबद्दल मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचं इतकं देणं वाटलेलं नाही.

काल सकाळी पावणेसहाला फोन वाजला. मी घाबरून उठले. प्रशांतच होता. "खाल्लं. एकच घेतली. निघालो." आणि ठेवून दिला. संध्याकाळी सुनेचा फोन आला, तेव्हा कळलं की तो स्ट्रिपा घेऊन डॉक्टरांकडं जाऊन आला. माझ्याबद्दल काही म्हणाला का, ते मी विचारलं नाही.

आज मी साडेपाचपासूनच जागी होते. पावणेसहाला फोन वाजला.

"खाल्लं. एकच घेतली," तो म्हणाला. मागं मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज येत होता. मग थोडं थांबला. "निघालो, आत्या."